भुताला ठाऊक नसलेली सोळा पानं

झाशीच्या नगरा भागात रेल्वे क्वार्टर्सच्या तिसऱ्या ओळीत अनंतराव गार्ड राहत. त्या रविवारी दुपारी त्यांच्या दारातल्या चपलांचा ढीग पार सरकारी नळापर्यंत पोचला होता. ड्यूटीवरून परस्पर आलेले फायरमन कोळशाच्या अंगानंच उभे होते. मानिक चौकातले दोन कापडवाले टांगा करून आले होते. आत जागा उरली नाही म्हणून बायका पायऱ्यांवर बसल्या होत्या. जी.आय.पी.चं नाव बदलून मध्य रेल्वे होऊन दोन वर्षं झाली, तरी नगऱ्यानं ते मनावर घेतलं नव्हतं. अनंतरावांच्या बकुळला एका मेलेल्या गार्डानं धरलंय, हे मात्र नगऱ्यानं दोन दिवसांत मान्य करून टाकलं होतं.

बकुळ बारा वर्षांची. पाटावर बसवलेली, डोळे अर्धे मिटलेले, सकाळीच आकडी येऊन गेल्यामुळे चेहरा पांढराफटक. तिच्यासमोर अनंतरावांचा ड्यूटीचा कंदील. कंदिलापलीकडे बिजौलीचे जयसिंग महाराज, भगव्या बंडीवर रेल्वेचा जुना ओव्हरकोट घालून. जानेवारीत झाशीची थंडी साधुसंतांनाही वाजते.

चमत्कार होता तो बकुळच्या बोलण्याचा. एरवी तिचं मराठी कॉलनीत करमणुकीचा विषय होतं. "आई, मी रोटी खाऊन घेतली, आता खेळायला जाऊ क्या?" असं ती बोलायची. पुण्याहून आलेली आत्या तिला मुद्दाम बोलायला लावायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. अशी ही मुलगी आता गंभीर, संथ आवाजात म्हणत होती :

"त्या अभागी सांजवेळी पुलावर धुक्याचा पडदा पसरला होता. मी एकाकी उभा होतो. दूरवर इंजिनाची शिट्टी ऐकू आली, आणि माझ्या हातातला कंदील मी गुळाबरोबर खाल्ला. म्हातारीनं विचारलं, आणखी वाढू का?"

पायऱ्यांवरच्या बायकांनी हात जोडले.

मराठी मंडळाचे चिटणीस हरिभाऊ पुढच्या सतरंजीवर होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. महाराजांना मराठीचं अक्षर कळत नसल्यामुळे दुभाष्याचं काम त्यांच्याकडेच होतं. त्यांनी वाक्याचं हिंदी केलं आणि वर स्वतःचं मत जोडलं, की असं सोज्ज्वळ मराठी आता पुण्यातही ऐकू येत नाही; हा गार्ड निदान साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा असला पाहिजे.

महाराजांनी डोळे मिटून ते पचवलं. "लालटेन माने ज्ञान. गुर माने भक्ति. आत्मा कै रई के ज्ञान खों भक्ति के संगै पा लेओ."

"और डुकरिया?" पायरीवरून एका बाईनं विचारलं. म्हातारीचा उलगडा व्हायलाच हवा होता.

"डुकरिया माया है," महाराज म्हणाले. "परोसतई जात."

गर्दीतून समाधानाचा सुस्कारा गेला. आदल्या रविवारपासून नगऱ्यात गूळ मिळत नव्हता. एका हलवायानं तर गुळाचे छोटे कंदील पाडून विकायला काढले होते.

गर्दीच्या मागे, भिंतीला पाठ लावून, पार्सल ऑफिसातले वामनराव उभे होते. वय अठ्ठेचाळीस. ते वाक्य आपलं आहे हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. 'अभागी' हा शब्द त्यांना लिहितानाही जास्तच वाटला होता. आपलं वाक्य भुताच्या तोंडून ऐकल्यावर माणसाला काहीतरी वाटायला हवं. वामनरावांनी थोडा वेळ वाट पाहिली. काही वाटलं नाही. गेली दोन वर्षं त्यांना कशानंच काही वाटत नव्हतं, त्यामुळे त्याचंही त्यांना काही वाटलं नाही.

वामनराव 'भैरव काळोखे' या नावानं मुलांसाठी भुताच्या गोष्टी लिहीत, हे नगऱ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. पुण्याचा एक प्रकाशक 'काळोख माला' छापायचा : चार आणे किंमत, अठ्ठेचाळीस पानं, मुखपृष्ठावर कवटी. कवटी प्रत्येक पुस्तकावर तीच असे, फक्त रंग बदले. लिहायचे वामनराव आणि सुवाच्य अक्षरात उतरवून काढायच्या त्यांच्या पत्नी, कमलताई. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एक प्रकरण असायचं, त्यात भुताचं पितळ उघडं पडायचं. नवव्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशकाचं पत्र आलं, की भूत खोटं निघालं की पोरं पुढचं पुस्तक मागत नाहीत, सबब शेवटचं प्रकरण गाळावं. वामनरावांनी गाळलं. कमलताईंनी तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "पोरांना घाबरवून तसंच अंधारात उभं करून यायचं? आपण असे आहोत का?"

त्याच पावसाळ्यात त्या विषमज्वरानं गेल्या. नंतर पुस्तक छापून आलं, 'पुलावरचा गार्ड'. लेखकाच्या पंचवीस प्रती पार्सलनं झाशीला आल्या आणि वामनरावांनीच ऑफिसात त्या उतरवून घेतल्या. छापखान्यात सोळा-सोळा पानांचे तीन गठ्ठे एकत्र शिवतात. या पंचवीस प्रतींत मधला गठ्ठा नव्हता आणि शेवटचा दोनदा होता. बिघडलेल्या प्रती विकता येत नाहीत, आणि लेखक काही पुस्तक विकत घेत नाही, असा प्रकाशकाचा सरळ हिशेब. सोळाव्या पानाच्या तळाशी गार्ड म्हणत होता, "माझ्या हातातला कंदील मी", आणि सतराव्या पानावर तो कंदील उंच धरणार होता. पण पुढचं पान होतं तेहेतिसावं. तिथे तोच गार्ड एका म्हातारीकडे जेवत होता आणि तिनं वाढलेला दशमीचा तुकडा त्यानं "गुळाबरोबर खाल्ला."

वामनरावांनी तक्रार केली नाही. ती करायला लागणारी चीड त्यांच्यात उरली नव्हती. कुणा नातेवाइकानं पाठवली असं सांगून त्यांनी पंचवीसही पुस्तकं मराठी मंडळाच्या वाचनालयाला देऊन टाकली. कपाटाची किल्ली हरिभाऊंकडे असे, पण खालचा कप्पा मुलांचा, आणि तो हरिभाऊंनी कधी वाकून पाहिला नव्हता.

इकडे महाराजांनी कंदील मांडीवर घेतला होता. "शुद्ध" करतो म्हणत त्यांनी काच उघडली, वातीवर मसणातली काळी भभूत चिमूटभर ठेवली आणि चमच्यानं मधाचे चार थेंब सोडले. काडी नाही, निखारा नाही. महाराज पुटपुटत राहिले. वात थोडी धुरली आणि आपोआप पेटली. अनंतरावांनी हात जोडले.

वामनरावांची नजर महाराजांच्या बोटांवर होती. अंगठा आणि पहिलं बोट, दोन्ही तपकिरी. पटकीच्या दिवसांत कॉलनीच्या विहिरीत औषध टाकणाऱ्या माणसाची बोटं अशी व्हायची.

मग महाराजांनी पुढचं सांगितलं. आत्मा हट्टी आहे. पुढच्या रविवारी मुलीला बिजौलीला नेऊन तीन दिवस उपाशी ठेवायचं आणि मिरचीच्या धुरानं आत्म्याला वाट करून द्यायची. डॉक्टरच्या गोळ्या त्यांनी आधीच विहिरीत टाकायला लावल्या होत्या, कारण आत्म्याला इंग्रजी औषध चालत नाही.

सोमवारी वामनराव रेल्वेच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मान न उचलता सांगितलं, की आकडीच्या गोळ्या अशा एकदम बंद केल्या की आकड्या वाढतात. एखादी अशी येते की थांबतच नाही. उपास आणि धूर म्हणजे तर तिला बोलावणंच. दोनदा निरोप पाठवला, आईबापांपैकी कुणी आलं नाही. त्यांनी गोळ्यांची नवी पुडी बांधून वामनरावांच्या हातात ठेवली.

पुडी घेऊन ते अनंतरावांकडे गेले. बकुळची आई, भानुमतीबाई, चुलीपाशी होत्या. त्यांनी पुडीकडे पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. अनंतराव शांतपणे बोलले, त्यात राग नव्हता.

"वामनराव, वाईट वाटून घेऊ नका. कमलवहिनींना तुम्ही गोळ्याच देत होतात ना?"

वामनरावांना वाईट वाटलं नाही. हे वाक्य ते स्वतःला दोन वर्षं रोज ऐकवत होते. पुडी त्यांनी फडताळावर ठेवली आणि मागच्या दारानं बाहेर पडले.

मागच्या पायरीवर बकुळ ऊन खात बसली होती. मांडीवर 'पुलावरचा गार्ड', पानं गळून पडायला आलेली.

"किती वेळा वाचलंस?" वामनरावांनी विचारलं.

"चाळीस बार. जास्तीच असेल." तिनं पुस्तक झाकलं नाही. काका कॉलनीतले, फारसं न बोलणारे. अशा माणसापासून मुलं काही लपवत नाहीत. "काका, मी जानबूझकर नाही केलं. पहले आपोआप आलं. दौरा झाला ना, की डोकं असं धुवाँ-धुवाँ होतं, मग जे पाठ आहे तेच तोंडात येतं. मग सगळे ऐकायला लागले."

"आणि आता?"

ती नखानं पुस्तकाची शिवण उसवत राहिली. "आता कधी येतं, कधी मी आणते. आत्या पण हात जोडून बसली होती, काका. मी मराठी बोलले आणि कोणी हसलं नाही."

बिजौलीला जायला भीती वाटते का, असं त्यांनी विचारलं. तिनं हो म्हणून मान हलवली. पण आता सांगितलं तर बाबा मारतील, आणि सगळे पुन्हा हसतील, पहिल्यापेक्षा जास्त.

"तू काही सांगायचं नाहीस," वामनराव म्हणाले. "भूत माझं आहे. मीच बघतो."

घरी येऊन त्यांनी ट्रंक उघडली. तळाशी गाळलेलं प्रकरण होतं, कमलताईंच्या अक्षरात, दोऱ्यानं टाचलेलं. त्या गोष्टीतला कंदीलही आपोआप पेटायचा, आणि तो कसा पेटायचा ते या पानांत होतं. लिहिण्यापूर्वी वामनरावांनी घरातल्या पितळी झाकणात तो प्रयोग करून पाहिला होता. कमलताईंच्या भुवईचे चार केस तेव्हा जळाले होते. वामनराव मानिक चौकात गेले आणि औषधांच्या दुकानातून दोन बाटल्या घेऊन आले.

रविवारी गर्दी दुप्पट होती. बिजौलीचा टांगा दारात जुंपून ठेवलेला. भानुमतीबाईंनी बकुळचे कपडे एका गाठोड्यात बांधले होते आणि ते गाठोडं त्या हातातून खाली ठेवत नव्हत्या. बकुळनं नेहमीची वाक्यं सुरू केली, तेवढ्यात वामनराव चपलांच्या ढिगातून वाट काढत पुढे आले. पार्सल ऑफिसात ते ज्या आवाजात पावती मागत त्याच आवाजात म्हणाले, की हा गार्ड मी लिहिला आहे.

त्यांनी वाचनालयातून आणलेल्या प्रती वाटल्या. हरिभाऊंनी सोळावं पान वाचलं, उलटलं, तेहेतिसावं वाचलं. मग पुन्हा सोळावं.

"हे तुम्ही लिहिलंत?" त्यांनी विचारलं. "पार्सलमधल्या तुम्ही?"

"हो. 'अभागी' जरा जास्त झालंय."

वामनरावांनी समजावून सांगितलं. आकडी येऊन गेल्यावर पोर गुंगीत असते आणि पाठ असलेलं तोंडी येतं. बाकीचं त्यांनी सांगितलं नाही. मग त्यांनी प्रश्न टाकला : मेलेला गार्ड स्वतःची हकीकत सांगतोय, तर नेमकी सतरा ते बत्तीस पानं त्याला का ठाऊक नाहीत? छापखान्यात जे शिवायचं राहिलं, तेच तो मेल्यावर कसा विसरला?

कुणीतरी फिसकन हसलं. पण महाराज तीस वर्षं याच धंद्यात होते. हरिभाऊंकडून सगळं समजून घेऊन त्यांनी वामनरावांकडे फार प्रेमानं पाहिलं.

"भैया, किताब इनसें लिखवाई कौन नें? आत्मा नें! जे तो कलम हते, कलम. और सोला पन्ना आत्मा नें खुदई हटवा दए. गुप्त हैं."

गर्दी हलली आणि परत महाराजांकडे झुकली. हरिभाऊंना तर हायसं वाटलं. इतकं चांगलं मराठी पार्सल ऑफिसातून आलं असेल, यापेक्षा भुताकडून आलं हे त्यांना सोसणार होतं. खुद्द वामनरावांनाही उत्तर अगदीच टाकाऊ वाटलं नाही. आपली वाक्यं कुठून येतात हे त्यांना कधीच नक्की सांगता आलं नव्हतं.

महाराजांनी संधी सोडली नाही. आत्मा खोटा असेल तर लालटेन पेटणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं आणि कंदील मांडीवर घेतला. काच उघडली, भभूत ठेवली. मग मधाच्या चमच्याकडे हात नेला.

"अनंतराव," वामनराव म्हणाले, "ड्यूटीवर निघताना कंदील कुणाच्या हातून असाच घेता का?"

अनंतरावांनी वर पाहिलं. असा प्रश्न त्यांना इतक्या दिवसांत कुणी विचारला नव्हता. देवाधर्माचे प्रश्न विचारले होते, भुताचे विचारले होते, पण कंदिलाचा नव्हता. बावीस वर्षं गाडीवर चढण्यापूर्वी त्यांनी कंदील स्वतः उघडला होता, वात पुसली होती, तेल हलवून पाहिलं होतं. सख्ख्या भावानं दिला असता तरी तसा घेतला नसता.

ते उठले आणि त्यांनी हात पुढे केला.

"हात न लगाओ! आत्मा बैठी है!"

"कंदील माझ्या नावावर आहे, महाराज," अनंतराव म्हणाले, आणि महाराजांच्या मांडीवरून त्यांनी तो उचलला.

खांद्यावरचं फडकं काढून त्यांनी काच पुसली, वात पुसली, वातीची खोबणसुद्धा बोटाला फडकं गुंडाळून पुसली. सगळं ड्यूटीच्या क्रमानं. मग कंदील पाटापुढे ठेवला. "आता वातीवर काही न ठेवता पेटवा."

महाराजांनी मध सोडला. मंत्र म्हटला. पुन्हा मध सोडला. थंडी फार आहे म्हणाले. आत्मा रुसला आहे म्हणाले. वात मधात भिजून आडवी झाली. पायरीवरच्या बाईनं, माया अजून वाढते आहे का, असं विचारलं.

अनंतराव नळापाशी गेले आणि त्यांनी फडकं भिजवलं. जांभळं पाणी मोरीतून वाहत चपलांपर्यंत आलं. तो रंग अख्ख्या नगऱ्याला ठाऊक होता. पटकीच्या साथीत तो रंग सगळ्यांनी महिनोन्‌महिने प्यायला होता.

"हे विहिरीतलं लाल औषध आहे," अनंतराव हळूच म्हणाले.

वामनरावांनी मग टाचलेली पानं उघडली आणि कमलताईंच्या अक्षरातलं वाचून दाखवलं. विहिरीच्या औषधाची पूड आणि ग्लिसरीन, म्हणजे ओठ फुटले की लावतात तेच, मधासारखं दिसणारं. दोन्ही एकत्र आली की आपोआप तापतात आणि पेट घेतात. थंडीत थोडा उशीर लागतो, तेवढ्या वेळात मंत्र बसतो. वाचून झाल्यावर त्यांनी पितळी झाकण जमिनीवर ठेवलं, एका बाटलीतली पूड टाकली, दुसरीतले थेंब सोडले आणि सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं. मंत्राऐवजी ते मानिक चौकातल्या दुकानांची नावं ओळीनं म्हणू लागले. सातव्या दुकानाला ज्वाळ उठली.

ती विझेपर्यंत टांगा निघून गेला होता. महाराज त्यात होते. ओव्हरकोट मात्र घाईत राहिला. आतल्या खिशात ग्लिसरीनची बाटली निघाली, मानिक चौकातल्या त्याच दुकानाची.

भानुमतीबाईंनी गाठोडं सोडलं नाही. ते तसंच काखेत धरून आत गेल्या, फडताळावरची पुडी काढली आणि पाण्याच्या भांड्यासह बकुळपुढे येऊन बसल्या. अनंतराव उंबऱ्यावर उभे होते. ते वामनरावांना म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोललो..."

"खरं होतं ते," वामनराव म्हणाले. "कमलला गोळ्या दिल्या, आणि ती गेली. गोळी प्रत्येक वेळी वाचवतेच असं नाही. पण वाचलेल्यांत गोळी घेतलेले किती आणि कंदिलाकडे बघत बसलेले किती, हे कुठल्याही दवाखान्यात विचारून घ्या."

बकुळ एका दिवसात बरी झाली नाही. तसे दावे महाराजच करतात. त्या महिन्यात तिला तीन आकड्या आल्या, पुढच्या महिन्यात एक, आणि मग पावसाळ्यापर्यंत एकही नाही. हरिभाऊंनी मंडळाच्या सभेत, आपल्याला पहिल्यापासून शंका होती, असं सांगितलं. गुळाचे उरलेले कंदील हलवायानं शेंगदाण्याच्या चिक्कीत घातले.

शेवटचं प्रकरण छापा, असं वामनरावांनी प्रकाशकाला लिहिलं. प्रकाशकानं पोस्टकार्डावर नकार कळवला. मग वामनरावांनी त्या पानांच्या पंचवीस नकला स्वतः काढल्या आणि वाचनालयातल्या एकेका प्रतीत शिवल्या. त्या त्यांनी शेवटी जोडल्या नाहीत. मधल्या गठ्ठ्याची जागा रिकामी होती, तिथे शिवल्या. त्यामुळे नगऱ्यातल्या पोरांना कंदील कसा पेटतो ते आधी कळतं आणि गार्ड दशमी नंतर खातो. गोष्टीची मजा गेली, अशी तक्रार आजवर एकाही पोरानं केलेली नाही. भिण्यात मजा आहे, जरूर भ्यावं. फक्त कुणी आपल्याला भिववून आपल्या पोराची गोळी विहिरीत टाकायला सांगेल, तेव्हा कंदील आधी आपल्या हातात घ्यावा, उघडावा आणि पुसून बघावा. खरी वात पुसल्यानं विझत नाही.

नव्या पानांचं पहिलं वाचन मंडळात बकुळनं केलं. "पहले पूड टाकायची," असं तिनं सुरू केलं. हरिभाऊ 'आधी' म्हणायला उठले आणि काय वाटलं कुणास ठाऊक, खाली बसले. आत्याही आली होती. तिनं पदर तोंडाशी नेला, पण अनंतरावांनी तिच्याकडे पाहिलं. बकुळ आपल्या मराठीत, अडखळत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेली. पानावर कोपऱ्यात कमलताईंनी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, "भुवई सांभाळून." ते गोष्टीत नव्हतं, पण बकुळनं तेही मोठ्यानं वाचलं.

सगळे हसले. मागच्या भिंतीला टेकलेल्या वामनरावांनी आपला हात आपल्याच भुवईपाशी गेलेला पाहिला. मग त्यांना चष्मा काढून पुसावा लागला, आणि काच पुसून झाल्यावरही ते बराच वेळ पुसतच राहिले.